विगोच्या इस्पितळाचं पत्र

"ताई, सुशांत भाजलाय," एवढंच विशाखा फोनवर बोलू शकली. प्रज्ञा कतारगाम भागातलं आपलं काम टाकून धाकट्या बहिणीकडे धावली.

विशाखाचा नवरा सुशांत सचिन गावातल्या कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये कारागीर. मोझांबिकमध्ये नऊ वर्षं काढून आलेल्या कुंदन नावाच्या कंत्राटदाराने त्याला स्पेनच्या गॅलिसियात, विगो शहरात काम लावून दिलं होतं. बारा दिवसांपूर्वी तोच सुशांतला मुंबई विमानतळावर सोडतो म्हणून गाडीने घेऊन गेला. तेव्हापासून फोन बंद.

पत्रही कुंदननेच आणलं होतं. ते तिथल्या गॅलिशियन भाषेत आहे, म्हणाला. सुशांत भाजला, बोलू शकत नाही, महिनाभर कुणी येऊ नका. विशाखाने मोबाइलवर भाषांतर केलं, तेच निघालं. मग तिने ताईला फोन लावला.

प्रज्ञा परदेशी जाणाऱ्या कपड्यांच्या लेबलांचा मजकूर संगणकावर जुळवायची. गॅलिशियन लेबलंही करायची. भाषा येत नसे, अक्षरं पाठ होती. पत्रावरच्या तारखेतला महिना तिने बोट ठेवून वाचला: जे, यू, एन, एच, ओ.

तिने कुंदनला बोलावून घेतलं.

"पत्र कुणी लिहिलं?"

"इस्पितळातल्या बाईने."

"तिथलीच?"

"तिथलीच. सरकारी इस्पितळ आहे."

"मग तिला स्वतःची बाराखडी येत नाही, कुंदनभाई."

तो हसला. विशाखाने दाराची कडी लावली.

"गॅलिशियनमध्ये अक्षरं तेवीस," प्रज्ञा म्हणाली. "त्यात जे नाही, परक्या शब्दापुरतंच येतं. जून महिना ते एक्सने सुरू करतात. पुढे एनवर नागमोडी रेघ. त्या जागी एनला एच जोडतात ते पोर्तुगीज. दोन्ही भाषा सख्ख्या बहिणींसारख्या, म्हणून मोबाइलला अर्थ लागला. पण मोझांबिकमध्ये पोर्तुगीजच चालते. हे पत्र तुम्ही लिहिलंत. इस्पितळच खोटं, म्हणजे सुशांत विमानात बसलाच नाही. कुठे आहे तो?"

कुंदनने कडी लावलेल्या दाराकडे पाहिलं. मग खाली बसला. व्हिसा आलाच नव्हता. तोवर त्याने सुशांतचा फोन ठेवून घेऊन त्याला जवळच्या कडोदऱ्यातल्या आपल्या विनापरवाना रंगाईच्या कारखान्यात लावलं. वाफेचा पाइप फुटला. प्रकरण पोलिसांत जाऊ नये म्हणून दुसऱ्याच नावाने त्याला एका लहानशा दवाखान्यात ठेवलं होतं.

प्रज्ञाने पोलिसांना फोन केला आणि रिक्षा थांबवली.

दवाखान्यात सुशांतचे दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत होते. बोटं वाचायची खात्री नाही, असं डॉक्टर म्हणाले. विशाखाचा आवाज ऐकून त्याने कसेबसे डोळे उघडले.

"आलीस?" तो पुटपुटला. "कुंदनभाई म्हणाला, तू यायला नाही म्हणालीस."