बुरुजावरचं पांढरं निशाण

ही ऐकीव गोष्ट नाही. मी स्वतः तिथं होतो. विश्वास ठेवायचा की नाही, तुमचं तुम्ही ठरवा.

मागच्या वर्षीचा एप्रिल. गंगाखेडच्या पुढं, गोदावरीकाठचं एक गाव. नाव सांगत नाही.

रात्र वगैरे नव्हती. टळटळीत दुपार होती.

मी मोजणीची कामं करतो. पुलासाठी नदीचे दोन्ही काठ मोजायचे होते. सोबत माझा मावसभाऊ पियुष. पलीकडून दिसावी अशी झेंडी उंचावर लावायची होती. गावात उंच एकच जागा... जुना बुरूज.

शेजारच्या घराच्या ओट्यावर सरजाबाई नावाच्या म्हाताऱ्या बसल्या होत्या.

"झेंडी कोणत्या रंगाची हाय?"

"पांढरी, आजी."

"मग लावू नका. दुसरी कोणतीबी लावा. पांढरी त्यास्नी चालत न्हाई."

पियुष हसला. दुसरी आमच्याकडं नव्हतीच.

मी वर चढलो. पियुष खाली बुरुजाच्या दाराशी थांबला. आत एकच खोली. दुसरी वाट नाही.

मी काठी रोवली. वारा अजिबात नव्हता.

तरी झेंडी ताणली गेली... खालच्या बाजूला. कुणी ओढावी तशी.

"पियुष?"

मी वाकून पाहिलं, तर दाराशी तो नव्हता.

मग लक्षात आलं... कावळे गप्प झालेत. गावातल्या पिठाच्या गिरणीचा आवाजही बंद.

पायाखालच्या खोलीत बूट वाजले. पुष्कळ माणसांचे. आणि एक दबलेली किंकाळी... तोंडात बोळा कोंबल्यासारखी.

ती पियुषची होती.

"निशाण खाली घे." अगदी कानाजवळ कुणीतरी बोललं. आवाज थंड होता. "पोरगा आमच्याकडं हाय."

मागं कुणीच नव्हतं.

मी झेंडी उपसून फेकली. कसा उतरलो, आठवत नाही.

पियुष खोलीत जमिनीवर पडला होता. कशानंही बांधलेला नव्हता. तरी दोन्ही हात अंगाला चिकटलेले. मी जोर लावला. हलेनात.

"जाजम सोड," तो पुटपुटत होता. "गुंडाळलंय मला... दम कोंडायलाय."

तिथं जाजम नव्हतं.

गावातल्या लोकांनी त्याला उचलून जीपमध्ये घातलं. गावाची शीव ओलांडली, तेव्हा त्याचे हात सुटले. गंगाखेडचे डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं. पाठीवर जाड विणीचे वळ उठले होते. ते पाहून त्यांनी नुसतं मलम लिहून दिलं.

तिथंच राहिलेलं मोजणीचं यंत्र आणायला मी परत गेलो, तेव्हा सरजाबाईंनी सांगितलं.

"माझ्या सासूनं डोळ्यानं बघितलेलं. निजामाची शेवटची लढाई चालू व्हती. हा बुरूज भुजंग जमादाराच्या ताब्यात. तो निजामाकडच्या टोळीला सामील. पण हिंदुस्थानची फौज जवळ आली, अन् त्यानं ठरवलं, शरण जायाचं. गाव तरी वाचंल. बुरुजावर पांढरं धोतर लावलं. टोळीला कळलं. लग्नाचे वऱ्हाडी बनून बैलगाडीतून आले. त्याच्या तरण्या पोराला जाजमात गुंडाळलं. बापाला म्हणले, निशाण उतरव."

"उतरवलं?"

"बापच तो. उतरवलं. मग टोळीनं बुरुजावरून गोळ्या झाडल्या, फौजेनं तोफ लावली. पोरगं जाजमातच गेलं. त्यास्नी सोडायचंच नव्हतं."

"आमच्या पियुषला तर सोडलं."

"सोडलं म्हंता?" सरजाबाई म्हणाल्या.

मोजणी अर्धवट राहिली. गेल्या आठवड्यात ठेकेदाराचा फोन आला, पुन्हा जायचंय. मी नाही म्हणालो.

पियुष मात्र बॅग भरून बसलाय.

"तू कशाला जायलास?" मी विचारलं.

तो भिंतीकडं बघत होता.

"बापाला सांगायचंय," तो म्हणाला. "उतरवू नको म्हणून."

पियुषचे वडील तो पाळण्यात असतानाच वारले.

सोमवारी तो निघणार आहे. एकट्याला पाठवू नये, एवढं कळतं... पण माझे पाय उचलत नाहीत.