चौतीस इंचांचा ओटा

यातलं एकही नाव मी बदललेलं नाही. नवऱ्याला विचारूनही लिहीत नाहीये. ज्यांना हसायचं असेल त्यांनी खुशाल हसा, पण हे माझ्याच घरात घडलंय आणि ते घर आजही उभं आहे. बेंगळुरूत, के. आर. पुरमच्या पुढे, मेन रोडपासून आत तिसऱ्या गल्लीत.

आणि रात्र वगैरे नव्हती. गेल्या वर्षीच्या मार्चमधला शनिवार, दुपारचे साडेबारा.

थोडं मागचं आधी सांगते.

आम्ही निपाणीचे. दोघी बहिणी. थोरली यशश्री, तिला मी अक्का म्हणायचे. मी धनलक्ष्मी. अक्का नाजूक, जेमतेम पाच फूट, दिसायला सुरेख. मी पाच फूट सात इंच. गल्लीतली पोरं मला शिडी म्हणायची. घरी आलेला पाहुणा अक्काचं तोंडभर कौतुक करायचा आणि मग माझ्याकडे बघून म्हणायचा, बरीच उंच झालीस गं.

आवाज तेवढा दोघींचा सारखा. फोनवर कोण बोलतंय ते आईलासुद्धा कळायचं नाही.

अक्काचं लग्न योगीराजांशी झालं. ते इंजिनिअर, नोकरी महादेवपुऱ्यात. लग्नाला पाच वर्षं झाली आणि अक्का डेंग्यूने गेली. दोन वर्षांनी घरच्यांनी मला विचारलं. मी लगेच हो म्हणाले.

खोटं कशाला बोलू, मला ते आधीपासूनच आवडायचे.

पहिलं वर्षभर माझ्या तोंडून 'दाजी'च निघायचं. भाड्याचा फ्लॅट तोच, भांडी अक्काची, डब्यांवरची अक्षरं अक्काची. एकदा मी स्वयंपाकघरातून त्यांना हाक मारली. ते धावत आले. मला बघितलं आणि दारातच थांबले.

त्या दिवशी मला मेलेल्या बहिणीचा हेवा वाटला. तो अजून गेलेला नाही.

त्या फ्लॅटमधला ओटा बुटका होता. अक्काला बरोबर बसायचा. मी चार वर्षं कंबर वाकवून त्यावर भाकऱ्या थापल्या. म्हणून प्लॉट घेतला, घर बांधायचं ठरलं, तेव्हा नकाशात मी एकच गोष्ट हट्टाने मागितली. बाकी जिना कुठे, देव कुठे, ते त्यांनी ठरवावं. ओटा मात्र फरशीपासून चौतीस इंच. माझ्या उंचीचा.

नकाशे काढणारा आशय पुण्याचा मुलगा, कोरमंगलात त्याचं ऑफिस. त्याने वहीत लिहून घेतलं. आठ दिवसांनी प्रिंट आली.

ओट्याची उंची... तीस इंच.

मी लाल पेनाने खोडून चौतीस केलं. दुसरी प्रिंट आली. भिंती, खिडक्या, पाइप, सगळं बरोबर.

ओटा... तीस.

मी त्याला फोन केला, चांगलंच झापलं. तो गोंधळून म्हणाला, "मॅडम, काल तुम्हीच फोन केला होतात. तीसच ठेव म्हणालात."

मी केला नव्हता. कुठल्या नंबरवरून आला ते बघ म्हटलं. त्याने कॉल लिस्ट उघडली.

मग म्हणाला, "लिस्टमध्ये कॉलच नाहीये."

मी स्वतःची समजूत घातली. पोरगं चुकलंय आणि आता सारवासारव करतंय. तिसऱ्या प्रिंटवर मी समोर बसून चौतीस करून घेतलं आणि खाली सही ठोकली.

बांधकामाला मंजुनाथ मेस्त्री होते, खानापूरकडचे, साठीतले. मराठी बोलायचे म्हणून घेतलेले. पहिल्याच दिवशी त्यांनी मला अक्का म्हणून हाक मारली. इकडे सगळ्या बायकांनाच म्हणतात. पण माझ्या अंगावर झुरळ पडल्यासारखं झालं. मी सांगितलं, मला अक्का नका म्हणू, मॅडम म्हणा. ते म्हणाले, सरी मॅडम, म्हणजे बरं मॅडम. त्यानंतर ते कधी चुकले नाहीत.

मेस्त्रींची एक पद्धत होती. नकाशात काहीही असो, ओट्याचं माप ते घरच्या बाईवरून घ्यायचे. तिला भिंतीशी उभं करायचं, कोपर वाकवायला सांगायचं आणि कोपराच्या एक वीत खाली पेन्सिलने रेघ मारायची. कागदाला पाठ दुखत नाही, म्हणायचे. मला आवडलं ते. शनिवारी अकराला या म्हणाले.

मी टिन फॅक्टरीपाशी ट्रॅफिकमध्ये अडकले. पोचायला साडेबारा वाजले.

साइटवर शांतता होती. मिक्सर बंद. पोरं जेवायला गेलेली. मेस्त्री एकटेच स्वयंपाकघरात डबा उघडून बसले होते.

भिंतीवर रेघ होती...

मी विचारलं, ही कुणी मारली?

"मीच की. माप झालं मॅडम. अक्का आल्या होत्या."

मला वाटलं, जीभ घसरली असेल त्यांची.

"कोण अक्का?"

"तुमच्या थोरल्या अक्का. मॅडमला उशीर होतोय, माझंच माप घ्या म्हणाल्या. आवाज अगदी तुमच्यासारखा. मी आधी तुम्हीच समजलो."

दिसायला कशा होत्या, मी विचारलं. त्यांनी घास खाली ठेवला.

"तोंड नाही बघितलं. बाईमाणसाचं माप घेताना मी भिंतीकडं बघतो. बुटक्या होत्या एवढं खरं. कोपर इथं आलं."

जमिनीवर पुट्टीची पांढरी भुकटी पसरली होती. तिच्यावर मेस्त्रींच्या चपलांचे ठसे. दारापासून माझे.

भिंतीपाशी, जिथे बाई उभी राहिली म्हणाले, तिथे...

भुकटी जशीच्या तशी होती.

मी टेप लावला. तीस इंच.

पळून जायला हवं होतं. पण मला भीती वाटायच्या आधी राग आला. भयंकर राग. लहानपणापासून प्रत्येक गोष्ट आधी तिला आणि उरलेली मला. तिचे कपडे, तिची पुस्तकं, तिचा नवरा. मी रुमाल थुंकीने ओला करून ती रेघ खसाखसा पुसली. मग भिंतीला पाठ लावून उभी राहिले आणि म्हटलं, मेस्त्री, आता माझं घ्या.

मेस्त्रींनी रेघ मारली. चौतीस.

पेन्सिल खिशात ठेवली आणि अर्धा राहिलेला डबा बंद केला.

संध्याकाळी मी योगीराजांना सगळं सांगितलं. ते हसतील किंवा मला वेड्यात काढतील असं वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, किती आलं माप? मी म्हटलं, तीस. ते उठून बाल्कनीत गेले.

ओटा चौतीसचाच झाला. काळा ग्रॅनाइट. फरशी बसल्यावर मी तीन वेळा मोजला. आशयचा फोन नाही, मेस्त्रींची तक्रार नाही, काही नाही. मला वाटलं, जिंकले मी. वास्तुशांतीला त्या ओट्यापाशी ताठ उभी राहून मी पुरण वाटलं आणि आलेल्या प्रत्येक बाईला दाखवलं, बघा, माझ्या मापाचा आहे.

दुसऱ्या आठवड्यात नागराज सुतार कपाटांची दारं बसवायला आला. दारांसोबत त्याने एक पाट आणला. सागवानी, गुळगुळीत, खाली जाड पाय.

मी म्हटलं, हा कुणी सांगितला?

तुम्हीच फोनवर सांगितलंत, तो म्हणाला. ओट्यापाशी पायाखाली घ्यायला. उंची बरोब्बर...

चार इंच.

मी योगीराजांकडे बघितलं. म्हटलं, परत पाठवा हा. आपल्याला नकोय. मला काय करायचाय, माझी उंची पुरते.

त्यांनी पाट हातात घेतला. कडेवरून अंगठा फिरवला. मग स्वयंपाकघरात गेले आणि शेगडीसमोर ठेवून आले.

"असू दे," म्हणाले.

कुणासाठी आहे, हे त्यांनी विचारलं नाही.

आता दीड वर्ष होत आलं. बुधवारी मी ऑफिसला जाते आणि ते घरून काम करतात. जाताना मी पाट माळ्यावर टाकून जाते, दोन जड पातेल्यांच्या मागे. संध्याकाळी येते तेव्हा तो ओट्याशी असतो. कधी ओला असतो. बुधवारचं जेवण ते जेवत नाहीत, पोट भरलंय म्हणतात. आणि त्या दिवशी ते खूश असतात. गुणगुणत असतात. माझ्यासोबत ते कधी गुणगुणले नाहीत.

मागच्या बुधवारी मी अर्धी सुट्टी टाकून दुपारीच घरी आले. दारात चावी फिरवणार, तेवढ्यात आतून बोलणं ऐकू आलं. ते हसत काहीतरी सांगत होते. आणि त्यांना उत्तर देणारा आवाज...

माझा होता.

मी चावी काढून घेतली. खाली जाऊन कोपऱ्यावरच्या दर्शिनी हॉटेलात सहा वाजेपर्यंत बसले. तीन कॉफ्या प्यायले. मग नेहमीच्या वेळी घरी गेले आणि बेल वाजवली.

लोक मला विचारतील, भीती वाटत नाही का? वाटते. पण खरं सांगू, त्या दिवशी मी दार उघडलं नाही ते भीतीने नाही. मी आत गेले असते, आणि मला बघून ते पुन्हा, त्या जुन्या फ्लॅटच्या दारात थांबले होते तसेच थांबले असते तर?