वापरलेला दागिना

अनाएल पल्लांग्योने अंगठीचं वजन तीनदा केलं आणि तिन्ही वेळा ते ४.६२ ग्रॅम भरलं. अरुशाच्या बाजारात त्याच्या तराजूवर कुणी शंका घेत नसे. दोन सोनारांत वजनावरून वाजलं की तेच त्याच्याकडे निवाड्याला येत. ही अंगठी त्याच्या मुलीची होती, नाइशियेची. ती नॉर्वेत, बर्गेनला नर्स होती आणि चौदा तारखेला, शनिवारी, तिथेच तिचं लग्न होतं. अनाएलला व्हिसा नाकारला होता, तोही दोनदा. म्हणून बापाच्या जागी अंगठी जाणार होती. निळा-जांभळा टांझानाइटचा खडा त्याने मुलीच्या जन्माच्या वर्षी घेऊन ठेवला होता. आतल्या बाजूने तिचं नाव कोरलं होतं. ती घडवताना एकवीस दिवस त्याने दुसऱ्या कामाला हात लावला नव्हता.

राहिलं होतं ते कस्टम. किंमत ठरवणारा साहेब फक्त मंगळवारी आणि गुरुवारी बसे. त्याने वजन लिहून दिलं की डबी लाखेने सीलबंद करायची, विमानतळाच्या मालघरात जमा करायची, आणि दोन दिवसांनी परत जाऊन अधिकाऱ्यासमोर तीच डबी फोडून दाखवायची. जे आपणच बंद केलं ते आपणच फोडायचं, हे कुठल्या शहाण्याच्या डोक्यातून निघालं होतं कोण जाणे. दालादालाचा, म्हणजे खच्चून भरलेल्या मिनीबसचा, तासाभराचा प्रवास, गुडघ्यांत डोकं घालून बसायचं, आणि पोचल्यावर रांग.

मालघरातल्या अधिकारी बाईचं नाव होतं लाइटनेस म्रेमा. बाई चोख होती, लाचेचं नाव काढलं तर हाकलून देई. तिने अंगठी तराजूवर ठेवली आणि मान हलवली.

"४.५८. कागदावर ४.६२ आहे, नाइशियेचे बाबा."

"तुमचा तराजू खिडकीत आहे, बाई. वारा लागतो त्याला."

"काचेची पेटी आहे त्याला. वजन जुळत नाही, माल जात नाही. नवा कागद आणा."

अनाएल तणतणत परतला. स्वतःच्या तराजूवर ठेवली तर ४.५८च. त्याने चष्मा पुसून पुन्हा ठेवली. सोन्याला पाय फुटत नाहीत. कुणीतरी कानस मारली असणार, एवढंच त्याच्या डोक्यात आलं आणि त्याने लाखेचं सील भिंगाखाली धरलं. सील त्याचंच होतं, गाठी त्याच्याच.

मंगळवारी नवा कागद केला, डबी पुन्हा जमा केली. गुरुवारी फोडली तेव्हा वजन भरलं ४.३१. या वेळी बाईंनी भिंग लावलं.

"बाबा, तुम्ही 'नवी, न वापरलेली' असं लिहिलंय."

"नवीच आहे ती!"

"खड्याखाली साबण साचलाय. हे बघा."

त्याने बघितलं. खड्याखालच्या जाळीत राखाडी, घट्ट झालेला थर होता. रोज हात धुणाऱ्या बायकांच्या अंगठीत साचतो तसा, आणि तोही वर्षानुवर्षं न काढलेला. खडा धरणाऱ्या एका नखीत काहीतरी अडकलं होतं. त्याने चिमट्याने ओढून काढलं. आखूड, कुरळा, पांढराशुभ्र केस.

त्याने आजूबाजूला पाहिलं. बाईंच्या वेण्या काळ्याभोर होत्या, हमालांची डोकी तासलेली होती, आणि त्याचं स्वतःचं टक्कल होतं.

बाहेर जकरंदाच्या झाडाखाली त्याचा कस्टमचा दलाल शाबानी भाजलेलं कणीस खात बसला होता. अनाएलने सगळा राग त्याच्यावर काढला.

"तुमच्या लोकांतला कुणीतरी माझ्या मुलीची अंगठी घालून मिरवतोय!"

"दोन दिवसांत झिजेल इतकी मिरवतोय होय? हळू बोला बाबा, आत ऐकू गेलं तर माझा परवाना जाईल."

"मग तू सांग, कसं झालं हे?"

शाबानीने कणीस खाली ठेवलं. "मला नका विचारू," तो म्हणाला, आणि त्या दिवशी त्याने दलालीही घेतली नाही.

संध्याकाळी नाइशियेचा फोन आला. "बाबा, नाहीच पोचली तर इथल्या दुकानातली एखादी साधी घेऊ का? मला काही वाईट वाटणार नाही."

"खबरदार! मी नाही तर निदान माझी अंगठी तरी असेल तिथे."

"बरं, बरं. ओरडू नका," ती हसून म्हणाली.

किंमतवाल्या साहेबाकडून त्याच दिवशी, हातापाया पडून, तिसरा कागद करून घेतला होता. अनाएलने साबण काढला, अंगठी उकळत्या पाण्यात टाकली, घासली, चकचकीत केली. शनिवारी डबी जमा करताना त्याने हट्टच धरला की कपाटाला माझं कुलूप लागेल. बाईंनी परवानगी दिली, बहुधा कटकट टळावी म्हणून. मग शनिवार-रविवार दोन्ही दिवस तो त्या जाळीच्या कपाटासमोर बाकावर बसून राहिला. रविवारचं चर्च आयुष्यात पहिल्यांदाच चुकलं. रात्री मालघर बंद होई तेव्हा किल्ली त्याच्या खिशात असे. पत्रा तापत होता, कॉफीच्या पोत्यांचा वास येत होता, विमानं उतरत होती. डबीला कुणी बोट लावलं नाही.

सोमवारी सकाळी ती फोडली. ३.८७.

या वेळी भिंगाचीही गरज नव्हती. अंगठीचं कडं कागदासारखं पातळ झालं होतं. खड्याच्या कडा बोथटल्या होत्या. टांझानाइट मऊ, तो असा झिजायला निम्मं आयुष्य लागतं. आणि कड्याच्या तळाशी सांधा होता. कुणीतरी कडं कापून, मध्ये सोन्याचा तुकडा घालून ते दोन मापांनी मोठं केलं होतं. सुबक काम होतं, पण हात अनाएलचा नव्हता. त्याच्या दुकानात म्हाताऱ्या बायका अशाच अंगठ्या घेऊन येत. बोट जाड झालंय, थोडी सैल करून दे म्हणत.

तो खुर्चीत बसला. त्याला भीती वाटत होती, पण खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटत होतं. चाळीस वर्षं, त्याने मनाशी हिशेब केला. साबण, पांढरा केस, जाड झालेलं बोट. चाळीस तरी असतीलच, नाइशियेच्या बोटातली.

"शनिवारी लग्न आहे ना?" बाईंचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला. "नवी म्हणून ही जाणार नाही. पण वापरलेल्या दागिन्याचा वेगळा फॉर्म आहे. 'मालकाकडे परत.' किंमत नको, साहेब नको. मी आत्ता शिक्का मारते, दुपारच्या विमानाने जाईल."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"आधी तुम्ही ती वापरलेली आहे हे मान्य करत नव्हतात."

फॉर्म एका पानाचा होता. मालकाचं नाव. आत कोरलेल्या नावाशी जुळायला हवं, बाई म्हणाल्या. त्याने लिहिलं, नाइशिये अनाएल पल्लांग्यो. किती वर्षं वापरला. त्याने लिहायला घेतलं, चाळीस.

"थांबा. मुलीचं वय काय?"

"अठ्ठावीस."

"मग चाळीस कसं चालेल? वर मलाच विचारतील. पटेल असं काहीतरी लिहा."

अनाएलला आता सगळ्याचाच वीट आला होता. तीन कागद, तीन सीलं, सहा फेऱ्या, आणि वर वय जुळवा. एक आकडाच तर टाकायचा होता. त्याने टाकला. चार वर्षं. खाली सही केली.

बाईंनी शिक्का मारला. "आता शेवटचं वजन."

अंगठी तराजूवरच होती, काचेच्या पेटीत. ती तिथून हललीच नव्हती.

"४.५५. चार वर्षांत एवढी झीज होतेच," बाई म्हणाल्या आणि आकडा लिहून टाकला.

"३.८७ होतं," अनाएल म्हणाला. "आत्ता तुम्हीच वाचलंत."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. दमलेल्या म्हाताऱ्याकडे पाहतात तसं.

त्याने पेटी उघडून अंगठी उचलली. कडं जाड होतं. सांधा नव्हता. खड्याच्या कडा जवळजवळ त्याने केल्या तेवढ्याच धारदार होत्या.

आणि कडं कापलेलं होतं.

आरपार, एकाच जागी, तळहाताच्या बाजूने. इस्पितळातून अशा अंगठ्या त्याच्याकडे जोडायला येत. बोटं सुजली की अंगठी निघत नाही, मग लहान चाकाच्या करवतीने ती तिथेच कापतात. क्वचित ती घेऊन माणूस स्वतः येई. बहुतेक वेळा नातेवाईक येत.

"चाळीस करा," तो म्हणाला. "बाई, ते चाळीस करा."

"शिक्का बसला, बाबा."

"मग नकोच पाठवायला. परत द्या मला."

"तुम्हाला कशी देऊ? कागदावर मालक ती आहे. तिची सही आणा."

त्याला तिकडच्या दुकानातली साधी अंगठी आठवली, तिचं फोनवरचं हसणं आठवलं. त्याने अंगठी मुठीत घट्ट धरली. बाईंनी हात पुढे केला, त्याची मूठ हळूच उघडली आणि अंगठी पाहिली.

"मोडकी असली तरी चालते," त्या समजुतीने म्हणाल्या. "तसा रकाना आहे."

त्यांनी खूण केली आणि अंगठी डबीत ठेवली. अनाएलने आपला तळवा गालाला लावला. वजन केल्यापासून कुणी हात न लावलेली ती अंगठी काचेच्या पेटीतून उचलली तेव्हाच कोमट होती, आत्ताच कुणाच्या तरी बोटातून काढल्यासारखी.