दहा वगळलेला आकडा

“बाबांचं कुणीतरी बरंवाईट केलंय,” सुमन म्हणाली आणि तिने आपल्याजवळच्या किल्लीने खोली उघडली.

नागनाथ सर उधन्यातल्या या चाळीत एकटेच राहायचे. बायको वारली, शाळेची नोकरी संपली, मुलगी सुमन लग्न होऊन बारडोलीला गेली. परवापासून त्यांचा पत्ता नव्हता.

खासगी गुप्तहेर प्रज्ञेश उंबऱ्यातच थांबला. त्याचा सोबती छगन आत शिरला. बादली पालथी, दोरीवर कपडे नाहीत, सुमनच्या आईचा फोटो असायचा तिथे नुसता खिळा. छगनला स्वतःची खोली आठवली. त्याने नजर वळवली.

फळ्यावर खडूने लिहिलं होतं: १२३४५६७८९८७६५४३२१.

“हा बाबांचा आकडा नाही,” सुमन म्हणाली. “त्यात नवानंतर दहा होते. १२३४५६७८९१०९८७६५४३२१. मूळ संख्या. एक आणि ती स्वतः, बाकी कशानेच तिला भाग जात नाही. आई गेल्यावर म्हणायचे, ‘ही माझ्यासारखी.’ रोज पुसून नव्याने लिहायचे. हे दुसऱ्याच कुणीतरी लिहिलंय.”

“शेवटचं बोलणं कधी झालं?” प्रज्ञेशने विचारलं.

“दिवाळीत. मी रागाने फोन ठेवला.” कारण तिने सांगितलं नाही.

शेजारच्या पुष्पाबाई म्हणाल्या, “सरांकडं कोण येणार, भाऊ? सचिन गावच्या सीताबाई तेवढ्या यायच्या. त्याही गणिताच्या बाई. त्यांचे मालक वारल्यापासून एकट्याच. दोघं फळ्यापुढं बसून हसायचे.”

घरमालक मगन घुश्शातच होता. “मला खोली खाली पाहिजे होती, खोटं कशाला बोलू? त्यात सर विचारतात, अजून एक माणूस राहिला तर चालेल का? मी ना पाडली, चालणार नाही म्हटलं.”

“सरांचा आकडा येतो का तुम्हाला?” प्रज्ञेशने सहज विचारलं.

“आखी चाळीला येतो! दहापर्यंत चढायचं, परत उतरायचं.”

मगन गेल्यावर छगन पुटपुटला, “हाच तो. खोलीसाठी केलंय.”

“मगनने लिहिलं असतं तर दहा गाळले नसते,” प्रज्ञेश म्हणाला. “चाळीतल्या कुणीच गाळले नसते. म्हणजे ही चूक नव्हे. ज्याने गाळले, त्याला दहा गेल्यावर काय उरतं ते ठाऊक होतं. सुमनताई, फळ्यावरच्या या संख्येला कशाने भाग जातो?”

सुमन फळ्याकडे बघत राहिली. “१११११११११, नऊ एक ओळीने... गुणिले तेच. वर्गसंख्या आहे ही.”

“दोन सारख्या संख्यांची. तुमचे वडील आता मूळ संख्या राहिले नाहीत. कपडे आणि तुमच्या आईचा फोटो घेऊन ते स्वतःच्या पायांनी गेले. दुसऱ्या माणसाला इथे जागा मिळाली नाही, म्हणून तिच्या घरी. दिवाळीत सीताबाईंचं नाव निघालं होतं ना?”

तिने मान खाली घातली. “लोक काय म्हणतील, म्हटलं मी.”

“म्हणून त्यांनी तुम्हाला फळ्यावर सांगितलं. चाळीत दुसऱ्या कुणाला ते वाचता आलं नसतं.”

दुपारी तिघं सचिनला पोचले. दार सरांनीच उघडलं. मागून सीताबाई म्हणाल्या, “उन्हात कशाला उभी, बाळ? आत ये.” सुमन आत गेली. दार लागलं.

परतीच्या बसमध्ये छगन खिडकीबाहेर बघत होता. मग म्हणाला, “साहेब, रविवारी तुम्ही काय करता?”

“काही नाही.”

“मीही.”

उधना आलं. उतरायची घाई दोघांनाही नव्हती.