डावीकडची मेणबत्ती

मेणबत्त्यांचं खोकं घेऊन ती सभागृहात शिरली आणि दिवे गेले. पाय शिडीला अडखळला, खोकं हातातून निसटलं.

"हळू! वर माणूस आहे," अंधारातून आवाज आला.

"कोण माणूस?"

"वायरमन."

"वायरमन असून अंधार?"

"तुम्ही येईपर्यंत उजेड होता हो!"

तिला हसू आवरेना. तो खाली उतरला आणि दोघं चाचपडत घरंगळलेल्या मेणबत्त्या गोळा करू लागले. "तुम्हाला हाक काय मारू?" त्याने विचारलं.

"चर्चच्या तरुण संघाची मी प्रमुख. सगळे ताईच म्हणतात."

"ते सोडून...?"

बरं झालं अंधार होता. तिचे कान तापले होते.

त्याच संध्याकाळी मेणबत्त्या लावून करायच्या उपासनेची तालीम होती. पोरंपोरी गोल उभी राहिली. प्रत्येकाला प्रार्थनेचा एक जोडीदार, आणि ज्याने त्याने आपल्या जोडीदाराची वात पेटवायची. वायरमनने पलीकडच्या टोकाला जाऊन दिवे बंद केले. ज्योत हातोहात फिरत शेवटच्या जोडीपाशी थांबली. ताईची मेणबत्ती तेवढी पेटायची राहिली होती... आणि मग ती पेटली! डावीकडून. डावीकडे नुसता खांब होता. तिच्या बोटांना बर्फासारखी गार बोटं लागली.

कुणीतरी किंचाळलं. मग काय विचारता, पळापळ!

गावभर बोभाटा झाला. आया मुलांना पाठवेनात. पास्टरमामा, म्हणजे तिचे सख्खे मामा, कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "उपासनेत पुन्हा असं झालं, तर संघ बंद. माझाही नाइलाज आहे, पोरी." या पोरांना एकेक करून तिनेच गोळा केलं होतं, मामा सोडले तर त्यांच्याशिवाय तिचं होतं कोण?

वायरिंगचं काम कधीच संपलं होतं, तरी वायरमन रोज काहीतरी तपासायला येई. तिने त्याला गार बोटांचं, मामांच्या अटीचं, सगळं सांगितलं. तो चेष्टा करेल असं तिला वाटलं होतं, पण तो खांबाकडे बघत राहिला.

"तुमचा जोडीदार कोण?"

"माझा?" ती गोंधळली. सगळ्यांच्या जोड्या तिनेच लावल्या होत्या. स्वतःला विसरली होती!

"दिव्याखाली अंधार," तो हळूच म्हणाला.

उपासनेला सभागृह भरलं; आया स्वतःच मुलांना घेऊन बघायला आल्या. वायरमन स्विचकडे निघालेला तिने पाहिला. दिवे गेले. ज्योत फिरू लागली, जवळ आली, थांबली... तिचा जीव टांगणीला लागला. डावीकडे कुणीतरी उभं होतं. श्वास ऐकू येत होता. तिने डोळे मिटून घेतले.

हात लागला. ऊबदार हात!

डोळे उघडले तर शेजारी वायरमन, हातातल्या मेणबत्तीने तिची मेणबत्ती पेटवत. पोरं खुसुखुसू हसली. मामांनी खाकरून गाणं सुरू केलं आणि मंडळी मेणबत्त्या घेऊन गात गात अंगणात गेली. संघ वाचला होता.

आत दोघंच उरले. दोन ज्योती, बाकी काळोख.

"स्विच सोडून आलात?" ती म्हणाली.

"स्विचपर्यंत पोचलोच नाही. वाटेत कुणीतरी मनगट धरलं... गार बोटं होती. ओढत इथं आणून उभं केलं."

"मग दिवे कुणी—"

"माहीत नाही."

तिच्या अंगावर सरसरून काटा आला. "घाबरलात?"

"खूप. पण ओढलं नसतं तरी आज आलोच असतो. मला तुमचा जोडीदार व्हायचंय. कायमचा. म्हणून तर ताई म्हटलं नाही कधी."

तिला रडू आलं आणि हसूही. "मग आता अहो-जाहोही सोड," ती म्हणाली. तिने खांबापाशी एक मेणबत्ती ठेवली, आपल्या ज्योतीने पेटवली आणि पुटपुटली, "आभारी आहे... कुणी का असेना."

पलीकडच्या टोकाला खट्‌ आवाज झाला. सगळे दिवे लागले.

स्विचपाशी कुणीच नव्हतं. खांबापाशी ठेवलेली मेणबत्ती कुणीतरी फुंकर घालून विझवली होती. तिने त्याचा हात घट्ट धरला आणि दोघं अंगणात पळाले.