गडावर चौथं कोण?

"काल संध्याकाळी आपण पार वरच्या दरवाज्यापाशी होतो! आणि आता बघ! थेट पायथ्याला!"

सृष्टीनं टॅब ऋतुराजच्या नाकापुढं नाचवला. ऋतुराज आंबा चोखत होता. त्यानं एक डोळा बारीक करून पाहिलं.

"भूत शिरलंय," तो म्हणाला. "आणि तेही एकदम ढ भूत! बघ की, गड त्याला 'क'ला काना 'का' विचारतोय. पहिलीतलं भूत आहे हे!"

"हसू नकोस रे! शनिवारी गड मोजणार आहेत!"

सृष्टीला हसू येणार तरी कसं? नवी पेठेच्या मागच्या गल्लीत मुलांचं एक वाचनालय होतं. ते चालवणाऱ्या मानसिंग सरांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत स्पर्धा ठेवली होती. तिघातिघांचा गट, प्रत्येक गटाला एक टॅब आणि त्यात एकच खेळ, 'गड चढू या'. शब्द ओळखा, हिशेब सोडवा, धडा मोठ्यानं वाचून दाखवा. बरोबर आलं की तुमचा मावळा पायऱ्या चढायचा. चुकलं की घसरायचा, आणि पुढचा प्रश्न सोपा यायचा. वर एक दाढीवाला बोकड तटावर बसून खदखदा हसायचा. त्या बोकडापायी पोरं मुद्दामसुद्धा चुकायची! जो गट सगळ्यात उंच, त्याला नान्नजच्या माळावर काळवीट बघायची सहल.

सृष्टीला काळविटांचं एवढं नव्हतं. तिला पहिलं यायचं होतं. शाळेत दरवेळी संस्कृती पहिली आणि ही दुसरी. यंदा संस्कृतीचा गट खाली आणि आपला वर, हे तिला डोळे भरून बघायचं होतं. गटाची कॅप्टन तीच. तिला कॅप्टन कुणी केलं होतं, हे मात्र विचारायचं नाही.

गटातला तिसरा गुरु. टॅब त्याच्याच घरी असायचा. सृष्टीच्या घरी आई तासाभरानं टॅब काढून घ्यायची, आणि ऋतुराजचा धाकटा भाऊ हाताला लागेल ते चावून बघायचा. गुरुचं घर गल्लीच्या मधोमध. त्याची आई दानम्माकाकू दिवसभर चुलीपुढं. त्यांच्या कडक भाकऱ्या पार स्टेशनजवळच्या हॉटेलांत जायच्या. माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, घरात बोलणं कानडी; गुरु आईला 'अव्वा' म्हणायचा. गल्लीतल्या बायकांच्या बचत गटात त्यांचा शब्द चालायचा. पुढच्या आठवड्यात गट त्यांना अध्यक्ष करणार होता, आणि पाहुण्यांसमोर स्वागताच्या चार ओळी त्याच वाचणार होत्या.

"गुरु, रात्री तू खेळला होतास?" सृष्टीनं विचारलं.

"आईशप्पथ न्हाय! तुमी गेल्यावर मी हात पन लावला न्हाय."

"मग दुपारी?"

"दुपारी आपण तिघं विहिरीवर पोहायला न्हवतो का?"

खरंच की! सृष्टीनं टॅब उन्हात तिरका धरला. काचेवर पांढरी बोटं उमटली होती.

"थांबा! पुरावा!" ती ओरडली. "पांढरी पावडर! रांगोळी! संस्कृती रांगोळीच्या क्लासला जाते!"

"अगं, आमच्या घरात समद्याला पांढरं लागलेलं असतंय," म्हणत गुरुनं टॅब शर्टाला पुसूनसुद्धा टाकला.

"पुरावा पुसलास की रे, येड्या!"

झालं! त्या क्षणापासून सृष्टीच्या डोक्यात संस्कृती पक्की बसली. गुरुच्या घराची खिडकी गल्लीकडं, टॅब खिडकीतच चार्जिंगला. बाहेरून हात घातला की काम फत्ते! भाकरीच्या घरात पांढरं म्हणजे पीठ, एवढं साधं तिच्या मनात आलंच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघं गल्लीच्या तोंडाशी उभ्या रिक्षाआड दबा धरून बसले. सोलापूरचं ऊन ते! रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

"मी वितळलो तर माझा आंबा गुरुला द्या," ऋतुराज कण्हला.

"गप्प! खिडकीवरची नजर हलवू नकोस!"

खिडकीपाशी कुणी फिरकलं नाही. आतून काकूंच्या हातावरच्या भाकरीचा थपथप आवाज तेवढा येत होता. मध्येच तो थांबायचा, थोड्या वेळानं पुन्हा सुरू व्हायचा. ऊन कलल्यावर तिघं आत गेले, आणि सृष्टीनं टॅब उघडून कपाळावर हात मारला. आदल्या संध्याकाळी वर चढवलेला मावळा पुन्हा पायथ्याशी!

"काकू, दुपारी कुणी आलं होतं का हो?"

"कोन येनार बाई, असल्या उनाचं?" काकू म्हणाल्या. त्यांनी मान वर केली नाही. हातातली भाकरी मात्र उगाच दोनदा उलटली. सृष्टीनं ते पाहिलं, आणि सोडून दिलं. पुढं कितीतरी दिवस तिला ती उलटलेली भाकरी आठवत राहिली.

शेवटी युक्ती तिलाच सुचली. "अरे, आपण वाचलेलं सगळं सरांच्या कॉम्प्युटरवर जातं की! चोरानं वाचून दाखवलं असेल, तर त्याचा आवाज तिथं सापडणार!"

"लई भारी!" ऋतुराजनं टाळी दिली. "चल, आत्ताच जाऊन ऐकू."

"आत्ता नाही. शनिवारी. सगळ्यांसमोर."

"आधी आपण ऐकू की गं," गुरु म्हणाला. "दुसरंच कोन निघालं तर?"

"दुसरं कोण निघणार? मला संस्कृतीचं तोंड बघायचंय!"

शनिवारी वाचनालयाचं अंगण गच्च भरलं. पोरं सतरंजीवर, मागं आया, आज्या, दोन-चार बाबा. सृष्टीनं उभं राहून तक्रार सांगितली. संस्कृती गोरीमोरी झाली.

"मी कशाला जाऊ गुरुच्या खिडकीत?" ती रडवेली होऊन म्हणाली.

"कळेलच आता!"

मानसिंग सरांना असली गंमत फार आवडायची. आवाज कुणाचा, कशाचा, याचा त्यांनी काडीचा विचार केला नाही. "वा, वा! आमच्या गल्लीत गुप्तहेर!" म्हणत त्यांनी कॉम्प्युटर थेट लाऊडस्पीकरला जोडला आणि बटण दाबलं.

आधी चुलीचा तडतड आवाज आला. मग एक बाई बोलली. मोठी बाई.

"क... म... ळ. कमळ! घ... र. घर! ब... बा... बादली न्हाय, बा..."

बोकड हसला. बेंहेंहें!

"हसू नको रे मेल्या, सांगते की! जरा दम धर. भाकरी करपली माजी... अय्यो, इदेनप्पा, काय हे!"

अंगणात हशा पिकला! पोरं गडाबडा लोळली. आज्यांनी पदर तोंडाला लावले. ऋतुराजला हसू आलं आणि अर्ध्यातच थांबलं, कारण त्यानं गुरुकडं पाहिलं. गुरु हसत नव्हता. तो दाराकडं बघत होता.

दारात दानम्माकाकू उभ्या होत्या. मुलांच्या खाऊसाठी सरांनी सांगितलेल्या भाकऱ्या आणि शेंगाचटणी घेऊन आल्या होत्या. डोक्यावर टोपली, तिच्या काठाला धरलेला हात तसाच वर.

"अगं बाई, दानम्मा!" मागून कुणीतरी बोललं. "तुला वाचता येत न्हाय व्हय? मग चष्मा घरी राहिला, चष्मा घरी राहिला, म्हणायचीस ते?"

"आनि ही स्वागत वाचनार हुती!"

पुन्हा हशा. काकूंनी टोपली खाली ठेवली. वरचं फडकं नीट केलं. आणि वळून निघून गेल्या. गुरु त्यांच्यामागं धावला.

"चला, कोडं सुटलं!" सर हात चोळत म्हणाले. "तुमच्या गटाचं नुकसान नको. हे मधलं सगळं पुसून टाकतो." आणि सृष्टी तोंड उघडायच्या आत त्यांनी ते पुसूनही टाकलं. मावळा झपकन वरच्या दरवाज्यात जाऊन उभा राहिला. गट पहिला आला!

"काय डोकं आहे पोरीचं!" "पोलिसात जाणार ही!" सगळ्यांनी सृष्टीची पाठ थोपटली. तिला हवं होतं ते सगळं मिळालं. संस्कृती खाली, ती वर! पण वाटत होतं, आत्ता जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं.

त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला गुरुच्या दारात जाऊन उभी राहिली. आत जायला पाय उचलेना.

"ये की गं," काकूच आतून म्हणाल्या. "दारात का हुबी?"

चुलीभोवती भाकऱ्या उभ्या करून वाळत ठेवल्या होत्या. टॅब खिडकीत नव्हता.

"काकू, माझं चुकलं. मी... मला वाटलं, संस्कृती..." आणि सृष्टीला रडूच कोसळलं.

"गप, गप. तुजं काय चुकलं? मीच तुमच्या गडावर चोरून चढले. भाकरी शेकू लागली की जरा बोट लावायची. तुमी खाली येताय, हे ठावंच न्हवतं मला. गुरुला पन बोलले न्हवते. म्हनलं, एकदम मीटिंगमधीच वाचून दाखवावं."

"तिनं काल सांगितलं मला," गुरु कोपऱ्यातून म्हणाला. "शेवटच्या दिवशी तिनं सबंध ओळ वाचली हुती. कुटं न थांबता. बोकड एकदा पन हसला न्हवता. पन सरांनी ती ऐकलीच न्हाय. पुसली."

"मी शिकवते ना, काकू! रोज येते! मीटिंगला अजून वेळ आहे. आपण तिघं मिळून..."

"नको, बाई," काकू हळूच म्हणाल्या. "आता अक्षरावर बोट ठेवलं की त्या बोकडाचं न्हाय, समद्यांचं हसू ऐकू येतंय."

त्यांनी एक भाकरी चटणी घालून सृष्टीच्या हातात दिली. रागावल्या असत्या, चार शब्द बोलल्या असत्या, तर बरं झालं असतं. सृष्टीला ती भाकरी गिळवेना.

ती आणि ऋतुराज सरांकडं गेले. "सर, ती ओळ परत आणा!"

"पुसलेलं परत येत नाही गं."

"मग काकूंच्या नावाचा वेगळा गड उघडा."

"अगं, हा मुलांचा खेळ! मोठ्यांना नियमात बसत नाही."

"मोठ्यांचा आवाज लाऊडस्पीकरवर लावायचं नियमात बसतं का, सर?" सृष्टी ताडकन म्हणाली.

सर गडबडले. टेबलावरचं पेन त्यांनी उगाच उचलून पुन्हा ठेवलं. "खरं आहे तुझं," ते पुटपुटले आणि गड उघडून दिला. पायथ्याशी दानम्मा नावाचा मावळा उभा राहिला. दिवसामागून दिवस गेले, तो तिथंच उभा होता.

बचत गटाची मीटिंग झाली. अध्यक्ष सृष्टीच्या आईला केलं! आईनं दोनदा नको म्हटलं, पण बायकांनी ऐकलं नाही. स्वागताच्या चार ओळी आईनं झरझर वाचल्या. दानम्माकाकू मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होत्या, आणि आईच्या शेजारी बसलेल्या सृष्टीला त्यांच्याकडं बघवत नव्हतं.

मग आला बक्षिसाचा दिवस. तेच अंगण, तीच माणसं. सरांनी पुकारलं, "आणि आता आपली गुप्तहेर सांगेल, तिनं चोर कसा पकडला!"

सृष्टी माइकपुढं गेली. काय बोलायचं, ते तिनं आदल्या दिवशीच ठरवलं होतं.

"चोर कुणी नव्हताच," ती म्हणाली. "दानम्माकाकू शिकत होत्या. खेळ शिकण्यासाठीच होता ना? त्या आपल्यापेक्षा नीट खेळत होत्या, कारण बोकड हसला तरी त्या सोडून जात नव्हत्या. गुरु म्हणाला होता, आधी आपण ऐकू. मी ऐकलं नाही, कारण मला संस्कृतीला रडवायचं होतं. संस्कृती, मला माफ कर. आणि काकूंना आपण सगळे हसलो. म्हणून त्यांनी शिकणं सोडलं. माझ्यामुळं सोडलं."

मग एका आजोबांनी टाळी वाजवली. दुसऱ्यांनी वाजवली. बघता बघता टाळ्यांचा कडकडाट!

"शाब्बास!" सर पुढं येत म्हणाले. "चूक कबूल करायला वाघाचं काळीज लागतं! असं लेकरू प्रत्येक घरात असावं!"

सृष्टी तिथं उभी होती आणि टाळ्या थांबत नव्हत्या. तिला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अहो, नका वाजवू! ती तशीच खाली उतरली. गुरु रिकामी टोपली घेऊन भिंतीपाशी उभा होता.

"काकू नाही आल्या?"

"न्हाय. भाकऱ्या पाठवल्यात तेवढ्या." गुरुनं नाक पुसलं. "चांगलं बोललीस. घरी गेल्यावर सांगतो अव्वाला. लई टाळ्या पडल्या म्हनून."

"टाळ्यांचं नको सांगूस, गुरु."

"का गं?"

"काकू वाचत होत्या तेव्हा हीच माणसं हसली. आणि मी सगळ्यांना काकूंवर हसवलं, तर टाळ्या मला! शाबासकी त्या दिवशीही मलाच, आजही मलाच!"

गुरुनं टोपली या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाला, "मग काय सांगू तिला?"

सृष्टीनं टोपलीची एक बाजू धरली.

"चल. मी येते तुझ्याबरोबर."

"फोटो राहिला! अगं, कॅप्टन कुठं चालली?" मागून सर हाका मारत होते. दोघं टोपली मध्ये धरून गल्लीतल्या उन्हातून चालत राहिले.