गोदूबाई बाहेर गेल्यावर

"डॉक्टर, बाळाला काय होतंय बघा ना!"

राही धावतच इमर्जन्सीत शिरली. कुंचीत गुंडाळलेलं तिचं दोन महिन्यांचं बाळ झटके देत होतं, डोळे पांढरे झाले होते. मागोमाग नवरा संदेश आणि सासू गोदूबाई. म्हातारी बंदरावर मासळी विकत होती, तिथूनच रिक्षात चढली. बांगड्याचा वास खोलीभर पसरला.

डॉक्टर शमिकाने ऑक्सिजन लावला, साखर बघितली. ठीक. इंजेक्शनने झटके थांबले. ताप नाही, टाळू फुगलेली नाही, कुठे मार नाही. रक्त तपासायला गेलं. पण कारण सापडेपर्यंत पुढची फिट थांबेल थोडीच? एवढासा जीव!

"पडलं होतं का?"

"नाही हो. मी आंघोळीला गेले तेव्हा छान होतं. फक्त नाक चोंदलेलं."

"पाणी, घुटी, चाटण?"

"मुळीच नाही," खिशातले हात न काढता संदेश म्हणाला. "मी जहाजावर असतो, मॅडम, जग बघितलंय. असले गावठी उपाय घरात बंद केलेत मी. आईला विचारा हवं तर."

झालं! असल्या आज्यांचा शमिकाला आधीच भारी राग.

"आजी, काय चाटवलंत? खरं बोला!"

गोदूबाईने लेकाकडे पाहिलं. "मी काय नाय दिलं गो बाय."

"नातवाच्या जिवाशी खेळता आणि वर खोटं? आणि हातांचा वास केवढा! बाहेर जा आधी!"

सगळ्यांदेखत म्हातारी तोंडाला पदर लावून निघून गेली.

एसीचा गारठा, म्हणून तपासणी झाल्यावर राहीने बाळाला पुन्हा कुंची घातली. थोड्याच वेळात पुन्हा झटके!

शमिका बाळावर वाकली आणि थबकली. मासळीचा वास विरला होता. त्याखाली दबलेला दुसराच वास आता नाकात शिरला.

"काढा ती कुंची! कोमट पाणी आणि साबण आणा, लवकर!"

पुन्हा इंजेक्शन दिलं, बाळाचं अंग धुऊन काढलं. बाळ शांत झोपलं, श्वास नीट चालू झाला. मग शमिका वळली.

"संदेश, हात दाखवा."

हात तेलकट होते. कापराचा वास घमघमत होता.

"घरी हा वास आला, पण मला तो देवघरातला वाटला," राही पुटपुटली.

"खोबरेलात कापूर घालून छातीला, नाकाला चोळलंत," शमिका म्हणाली. "एवढ्या लहान बाळाच्या अंगात तो कातडीतून भिनतो आणि फिट येते. कुंचीला तेच तेल लागलंय, म्हणून ती घातल्यावर पुन्हा झटके आले. आजी तर घरी नव्हत्याच. त्यांच्या हाताला नुसती मासळी. राही आंघोळीला गेल्यावर बाळाजवळ राहिलं कोण?"

संदेशची मान खाली गेली. "नाक चोंदून रडत होतं. लहानपणी आई मला लावायची. मीच तिला बंद करायला लावलं... आता सांगणार कुठल्या तोंडानं?"

"आणि त्या तोंडापायी आईंना चोर ठरवलंत?" राही म्हणाली.

शमिकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्वतः तिने तरी काय वेगळं केलं होतं? ती बाहेर गेली. गोदूबाई बाकावर बसली होती.

"आजी, चुकले मी. बाळ बरंय. कापराने झालं सगळं."

"कापरानं?" म्हातारी ताडकन उभी राहिली. "वास मला रिक्षातच आलेला. म्हटलं, नुसता कापूर तो, त्यानं काय व्हतंय? सुनेसमोर लेकाची लाज कशाला काढू? अरे देवा, मी गप बसले नि पोर..."

दारात संदेश आला. "आई, आत चल."

"आधी हात धुऊन येते," गोदूबाई म्हणाली. "डॉक्टरबायला वास येतो माझ्या हातांचा."

शमिकाला तिच्याकडे बघवेना.